विषय: शाळेच्या फॉर्मवरील ‘घरची भाषा’, सोमवारपर्यंत मार्गदर्शन हवे

प्रेषक: नवी सभासद (दुसरीतल्या मुलीची आई)

मराठी मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार,

गादी आणि दोन खुर्च्या पोहोचवल्याबद्दल पुन्हा एकदा आभार. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टच्या घराचा भाडेकरार हाती आला आहे. लसींच्या नोंदीही डॉक्टरकाकांनी बजावल्याप्रमाणे महिना आधी आणि दिवस नंतर अशा क्रमाने उतरवून झाल्या आहेत. मुलीच्या प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मचे शेवटचे एक पान मात्र अडले आहे, आणि ते सोमवारी सकाळी नऊच्या आत भरायचे आहे.

या पानावर घरच्या भाषेविषयी चार प्रश्न आहेत. मूल प्रथम बोलू लागले ते कोणत्या भाषेत, घरी ते बहुतेक वेळ कोणती भाषा बोलते, आईवडील त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात आणि घरातली मोठी माणसे आपसात कोणती भाषा वापरतात. मी चारही ठिकाणी ‘मराठी’ निवडले. यजमानांच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने त्यांना सांगितले की असे लिहिल्यास मुलीची इंग्रजीची परीक्षा घेतात आणि तिला वेगळे काढतात, त्यामुळे काल रात्री त्यांनी चारही ठिकाणी ‘इंग्रजी’ केले. आज सकाळी मी ते पुन्हा ‘मराठी’ केले. फॉर्म अर्धवट जतन होत असल्यामुळे हा खेळ सोमवारपर्यंत चालू शकेल.

मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमात होती. तिला लिहितावाचता चांगले येते, पण अनोळखी माणसासमोर तिची बोबडी वळते. त्यातच परवा लिफ्टमध्ये शेजारी आत आल्याबरोबर तिने माझी ओढणी ओढून हळूच सांगितले, “आई, आता मराठी नको.” म्हणून हे पान मला वाटते त्याहून जड जाते आहे. ज्यांनी हा फॉर्म भरला आहे त्यांनी कृपया लिहावे.

---

प्रेषक: खजिनदार

ताई, डोळे मिटून ‘इंग्रजी’ लिहा आणि मोकळ्या व्हा. मी हे अनुभवाने सांगतो आहे, ऐकीव माहितीवर नव्हे.

आमचा मुलगा इथेच जन्मला. २००९ साली किंडरगार्टनच्या वेळी मी मोठ्या अभिमानाने पहिल्या तिन्ही प्रश्नांसमोर ‘मराठी’ लिहिले, कारण आजी घरात होती आणि तिच्यासमोर दुसरे काही लिहिण्याची माझी प्राज्ञा नव्हती. घरची भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांचे इंग्रजी तपासणारी राज्याची आजची परीक्षा, एल्पॅक, तेव्हा नव्हती, तिच्या जागी सेल्ट नावाची परीक्षा असे. परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याचे पुढचे दोन दात पडले होते. कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात छोट्या खुर्चीवर बसवून एक अनोळखी बाई त्याला प्रश्न विचारत होत्या आणि हे चिरंजीव तोंडावर हात धरून गप्प बसले. घरी दिवसभर इंग्रजीतून बडबड करणारा मुलगा ‘इंग्रजी शिकणारा’ ठरला आणि तो शिक्का निघायला पाचवी उजाडली. दरवर्षी परीक्षा, दरवर्षी पत्र आणि दरवर्षी आमच्या घरात तोच वाद.

एका शब्दाने हे सगळे टळते. मराठी घरात बोला, फॉर्मवर कशाला?

---

प्रेषक: मराठी शाळा समिती

खजिनदारांचा अनुभव वाईट होता हे मान्य आहे, परंतु त्यांनी नव्या कुटुंबाला खोटी माहिती देण्याचा सल्ला मंडळाच्या ई-मेल यादीवर द्यावा याचे आश्चर्य वाटते.

आम्ही रविवारी सकाळी पन्नासएक मुलांना बाराखडी शिकवतो आणि त्याच मुलांच्या शाळेच्या कागदांवर घरची भाषा ‘इंग्रजी’ असते. मराठीचे श्रेयांक (क्रेडिट) मान्य करा म्हणून शालेय जिल्ह्याच्या कार्यालयात गेले की पहिला प्रश्न येतो, “तुमच्याकडे मराठी मुले आहेत किती?” आणि त्यांच्या संगणकात ती जवळजवळ नसतातच. एखाद्या शाळेत १५ टक्के मुलांची घरची भाषा एकच असेल, तर पालकांना जाणाऱ्या सूचना त्या भाषेतही द्याव्या लागतात, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. बारावीच्या पदविकेवर दोन भाषांवरील प्रभुत्वाची राज्यमुद्रा देण्याचा कायदा देशात सर्वांत आधी, २०११ साली, याच राज्याने केला. हे सर्व आपल्यासाठी असताना आपणच आपली भाषा खोडतो आहोत.

आमच्या प्रोजेक्टरच्या खर्चाला मंजुरी मिळते की नाही ते पाहू, पण निदान मोजणीला तरी खजिनदारांनी आडकाठी करू नये.

---

प्रेषक: जुने सभासद, मिलपिटास

फक्त १५ टक्क्यांविषयी लिहितो. ते प्रमाण प्रत्येक शाळेपुरते मोजतात, शहराचे नव्हे. आमच्या मुलींच्या शाळेत भारतीय मुले भरपूर होती, पण तेलुगू, तमिळ, हिंदी, गुजराती, पंजाबी अशी वाटणी झाल्यावर मराठीच्या वाट्याला एका बाकावर मावतील इतकी मुले उरत. त्यामुळे मराठीतून सूचना मिळतील या आशेवर कोणी राहू नये.

शिवाय १९९८ मध्ये आमच्या फॉर्मच्या यादीत मराठी नव्हतेच. खिडकीवरच्या बाईंनी “हिंदीसारखीच ना?” असे विचारले, मागे रांग होती, मी मान हलवली. सरकारदरबारी आमचे घराणे आजही हिंदीभाषक आहे.

---

प्रेषक: शाळेत साहाय्यक शिक्षिका असलेली सभासद

मी शाळेच्या कामात असल्यामुळे उत्तर द्यायला उशीर झाला, आणि तेवढ्यात मूळ प्रश्न बाजूला पडलेला दिसतो.

ताई, तो फॉर्म मुलीला इंग्रजी येते का हे विचारतच नाही. तो घराबद्दल विचारतो. तिला इंग्रजी किती येते हे परीक्षा ठरवते, आणि आपल्याकडच्या पालकांची गल्लत नेमकी इथेच होते. पहिल्या तीनपैकी एकाही प्रश्नाला इंग्रजीखेरीज दुसरे उत्तर असेल, तर प्रवेशापासून तीस दिवसांच्या आत एल्पॅकची प्रारंभिक परीक्षा घेतली जाते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर इतके निर्णायक नसते. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे अशी चार अंगे तपासतात आणि निकाल तीनच प्रकारचे असतात: नवशिकी, मध्यम किंवा आरंभापासूनच इंग्रजीत पारंगत. तिसरा निकाल आला की विषय तिथेच संपतो, पुढे दरवर्षीची परीक्षा नाही, शिक्का नाही. इंग्रजी माध्यमातून आलेली अनेक मुले या तिसऱ्या गटात जाताना मी पाहिली आहेत. बोलण्यात अमेरिकी हेल नाही म्हणून कोणी गुण कापत नाही, ऐकणाऱ्याला कळले म्हणजे झाले.

खजिनदारकाकांच्या मुलाच्या बाबतीत जे झाले ते आजही होऊ शकते, हे मी लपवणार नाही. ही प्रारंभिक परीक्षा एकदाच होते. शिक्का बसला की तो निघण्यासाठी दर वसंतातल्या परीक्षेचे गुण, शिक्षकांचे मत, पालकांशी सल्लामसलत आणि मूलभूत विषयांतली त्याच वयाच्या मुलांशी तुलना अशा चारही गोष्टी पाहतात, आणि त्यात वर्षे जाऊ शकतात. रोजचा काही वेळ इंग्रजीच्या खास तासाला जातो. पुढे सहावी-सातवीत काही ठिकाणी त्यापायी एखादा ऐच्छिक विषय सोडावा लागतो. पालकांना मूल एखाद्या वर्गातून काढून घेण्याची मागणी करता येते, परीक्षा मात्र नाकारता येत नाही.

फॉर्ममधले उत्तर बदलण्याचा हक्कही पालकांना आहे, पण परीक्षा झाल्यानंतर उत्तर बदलून निकाल बदलत नाही. म्हणून आता भराल ते विचार करून भरा. माझ्या मते पहिले तीनही ‘मराठी’ ठेवा, कारण तुमच्या घरात ते खरे आहे, आणि ‘इंग्रजी’ लिहिल्यावर पुढे मुलगी वर्गात अडखळली तर जी मदत तिला हक्काने मिळाली असती तीच आपण आधी नाकारलेली असते. ही मदत काही कोणी उपकार म्हणून देत नाही. आपल्या शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुमारे १८०० चिनी भाषक मुलांना समजत नसलेल्या भाषेत नुसते बसवून ठेवले होते. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७४ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. ‘लाऊ विरुद्ध निकल्स’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. घरची भाषा विचारण्याची पद्धत रुजली ती या निकालामुळे.

तयारीबद्दल दोन गोष्टी. कार्यालयाला फोन करून परीक्षा विमानप्रवासाच्या झोपेच्या घोटाळ्यात येणार नाही असा दिवस मागा. तीस दिवसांच्या चौकटीत ते बहुधा ऐकतात. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की एक अनोळखी बाई चित्र दाखवून प्रश्न विचारतील, तेव्हा एका शब्दावर थांबायचे नाही, पूर्ण वाक्यात बोलायचे. सराव परीक्षा संकेतस्थळावर विनामूल्य आहे. मात्र ती आईने घेऊ नये, शेजारणीने घ्यावी. आईसमोर सगळ्यांनाच बोलता येते.

---

प्रेषक: खजिनदार

शिक्षिकाताईंच्या माहितीबद्दल आभार. मी खोटे लिहा असे म्हटले नव्हते, आमच्या घरात तेव्हाही इंग्रजी अधिक बोलली जात होती आणि ‘मराठी’ हेच खरे तर माझे अभिमानापोटी लिहिलेले खोटे होते. मुलगा आजीशी मराठीत बोलत असे, हे मान्य. पण त्याचे पहिले शब्द दूरदर्शन संचासमोर बसून इंग्रजीतच फुटले होते, हे मी फॉर्मवर लपवले. ज्यांच्या घरात खरोखर इंग्रजी चालते त्यांनी समितीचा आकडा फुगवण्यासाठी ‘मराठी’ लिहू नये, एवढेच माझे म्हणणे समजावे. प्रोजेक्टरचे देयक अद्याप माझ्याकडे आलेलेच नाही.

---

प्रेषक: चिटणीस

सभासदांना विनंती की प्रोजेक्टर, श्रेयांक आणि १९९८ चे फॉर्म यांवरील पत्रव्यवहार वेगळ्या विषयाने करावा. गेल्या गणपतीतील पार्किंगच्या चर्चेत मूळ प्रश्नकर्त्याला शेवटपर्यंत उत्तर मिळाले नव्हते, त्याची पुनरावृत्ती नको.

---

प्रेषक: नवी सभासद (दुसरीतल्या मुलीची आई)

सर्वांना नमस्कार,

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, क्षमस्व. रविवारी रात्री आम्ही दोघांनी शिक्षिकाताईंचे पत्र दोनदा वाचले आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचून खरे उत्तर दिले. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला ‘मराठी’ हे निर्विवाद होते. दुसऱ्यावर थांबलो, कारण ती धाकट्याशी खेळताना सर्रास इंग्रजीत बोलते हे मी आजवर मनावर घेतले नव्हते. दिवसभराचा हिशेब केल्यावर मराठीच निघाली. चौथ्यावर यजमान म्हणाले की आपण दोघे भांडतो ती भाषा धरायची असेल तर मराठी, आणि तिथे वाद संपला.

सराव डॉक्टरकाकूंकडे झाला. पहिल्या दिवशी मुलगी सोफ्याच्या कोपऱ्यात बसून फक्त “येस” आणि “नो” म्हणाली, चौथ्या दिवशी तिनेच काकूंना चित्रातला कुत्रा कुंपणापलीकडे कसा गेला असेल याची गोष्ट सांगितली. प्रत्यक्ष परीक्षा पंधराव्या दिवशी झाली. निकालाचे पत्र काल आले, आरंभापासून पारंगत. बोलण्याचे गुण वाचनापेक्षा कमी आहेत, तरीही पुरले.

त्या बाईंनी परीक्षेनंतर सहज विचारले, “घरी कोणती भाषा बोलता?” तेव्हा लिफ्टमध्ये मला गप्प करणारी ही मुलगी म्हणाली की मराठी, पण बाबा रागावले की इंग्रजीत बोलतात. बाईंनी हे दारातच आम्हाला सांगितले.

धाकट्याचा ‘टीके’चा (ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचे वर्ष) फॉर्म पुढच्या आठवड्यात भरायचा आहे. त्यावरही हेच चार प्रश्न आहेत, मात्र २०२४ च्या कायद्यामुळे ‘टीके’च्या मुलांना परीक्षा नाही असे शिक्षिकाताईंनी फोनवर सांगितले. तो फॉर्म यजमान भरणार आहेत.