पाच हजारांत चौघांचं जेवण होतं, मग तास कुणी मोजले?

अनघा_चिंचवड
काल 'सव्वाशेर' यांनी लिहिलं की चार माणसांचं घर महिना पाच हजारांत पोटभर घरचं खाऊ शकतं, ज्यांना जमत नाही त्यांना ओट्यापाशी उभं राहायचा कंटाळा आहे. रात्री वाचलं आणि झोपच लागली नाही. आज डबे भरून झाल्यावर लिहायला बसलेय.

आमच्याकडे पाच माणसं. मी, नवरा, सासूबाई, दोन मुलं. रोज एक लिटर दूध, आठवड्याला पाचशेची भाजी आणि महिन्याला एक सिलिंडर, एवढ्यातच साडेचार हजार जातात. त्यावर गहू, तांदूळ, डाळी, तेल, चहा-साखर, शेंगदाणे, मुलांची अंडी. आठ हजारांच्या खाली येत नाही. यात मटण नाही, पनीर नाही, बाहेरचं काहीच नाही.

आणि काटकसर मलाही येते. तुरीच्या डाळीत निम्मी मसूर घालते, आमटी दाट होते, कुणी तक्रार करत नाही. गॅस पुरावा म्हणून डाळ, भात, बटाटे एकाच कुकरात. आठवडी बाजारात मुद्दाम रात्री आठला जाते, बाजार उठायच्या वेळी, तेव्हा वीसची मेथी दहाला मिळते. दहाला मिळते कारण निम्मी पिवळी पडलेली असते. परवा साडेनऊला ती जुडी निवडायला घेतली. पिवळी पानं काढायची, कोवळे देठ ठेवायचे, जून टाकायचे, मुळाशी चिखल होता तो तीन पाण्यांनी धुवायचा. सव्वादहा वाजले. दहा रुपये वाचले आणि माझा पाऊण तास गेला. आठ तास कंपनीत उभी असते, पहाटे पाचला परत ओट्याशी. तुमच्या पाच हजारांत हे कुठल्या रकान्यात लिहिलंय?

सव्वाशेर
ताई, तुमच्यावर रोख नव्हता. बाहेरून रोज मागवून 'परवडत नाही' म्हणणाऱ्यांवर होता. पण लिहिलेलं मागे घेणार नाही. आम्ही लालबागचे. वडील गिरणीत, १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि आमच्यापुरता तो कधी मिटलाच नाही. घरात सहा माणसं, दहा बाय बाराची खोली. आईनं कुळथाची पिठी, भात आणि सुकटाची चटणी यांवर आम्हाला वाढवलं. एक दिवस कुणी उपाशी झोपलं नाही. तिनं कधी तास मोजले नाहीत.

शुभदा_प
तिनं मोजले नाहीत, कारण तिला कुणी विचारलंच नाही. माझी आजी परळला खाणावळ चालवायची. अकरा गिरणी कामगार, दोन वेळचं जेवण, महिन्याचे पैसे ठरलेले. तीच पिठी, तोच भात. परक्या पुरुषाच्या ताटात वाढलं की त्याला मोल होतं, स्वतःच्या घरात वाढलं की ते प्रेम. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खाणावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. बँकेनं त्या रांधण्याला धंदा मानलं. घर अजून मानत नाही.

सव्वाशेर
माझ्या आईच्या कष्टांचा असा हिशेब मांडू नका. तुम्ही तिला ओळखत नाही.

शुभदा_प
आईचं उदाहरण तुम्ही आणलंत. मग त्यावर बोलणारच.

ऋतुराज_कोथरूड
भांडण बाजूला ठेवून एक सुचवतो. गहू बंद करा, ज्वारीवर या. भाकरी, पिठलं, कांदा. गरिबाचं अन्न आहे, स्वस्त आणि पौष्टिक. पोळीला तेल लागतं तेही वाचेल. मी स्वतः वर्षभर ज्वारीच खातो.

शाळू_मंगळवेढा
ऋतुराज, ज्वारी शेवटची विकत कधी घेतलीत? स्वतः, पिशवी घेऊन? चांगली मालदांडी वाण्याकडे साठ रुपयांच्या आत मिळत नाही. गहू पस्तीसला आहे. 'गरिबाचं अन्न' ही तुमच्या आजोबांच्या काळातली गोष्ट.

आमचा तालुका ज्वारीचं कोठार म्हणून ओळखला जातो, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. आणि आमच्याच गावातली मजुरी करणारी घरं आज गव्हाच्या चपात्या खातात, कारण रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो. माझी आई भाकरी थापायची तर परातीचा आवाज शेजारी जायचा. आता सकाळी गल्लीत तो आवाज दोन घरांतून येतो, आणि ती दोन्ही बागायतदारांची. २०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात ज्वारीचे लाडू आणि बिस्किटं आली, आणि ज्यांची ती भाकरी होती त्यांच्या ताटातून ती गेली.

ऋतुराज_कोथरूड
भाव वाढला तर शेतकऱ्याचा फायदाच ना? दोन्हीकडून तक्रार कशी चालेल? डाळ महागली की ग्राहक ओरडतो, उतरली की तुम्ही.

शाळू_मंगळवेढा
फायदा? या आमच्या रानात फेब्रुवारीत. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभा माणसाच्या डोक्याच्या वर. बायका वाकून एकेक धाट मुळासकट उपटतात, मग पेंढ्या, मग कणसं मोडायची, मग मळणी. दिवसाला तीन-चारशे मजुरी देऊनही माणूस मिळत नाही. हुरड्यात आलं की पाखरं राखायला माणूस वेगळा. म्हणून लोकांनी ऊस आणि सोयाबीन धरलं, ज्वारीचं रान कमी झालं आणि भाव चढला. आम्ही ती लावतो निम्मी कडब्यासाठी, जनावरं जगावीत म्हणून. तुम्ही साठ देता त्यातले माझ्या हातात तीस-पस्तीस पडतात.

दत्ता_बीड
ज्वारीवरून आठवलं. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. भाकरी थापताना काठाला चिरायची, खाताना घशाखाली उतरायची नाही. दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे गोड पौष्टिक पीठ, मिळायची, ती आई पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. तेव्हा आजी म्हणायची, पोटभर शाळूची भाकरी मिळाली की देव पावला. आज माझ्या सुनेला ती रोज करणं परवडत नाही हे ऐकून वाईट वाटतं.

वंदना_कामोठे
रेशन फुकट म्हणता, कुणाला? माझं केशरी कार्ड आहे. शहरात प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे फुकट धान्याच्या यादीत यायला, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. खेड्यात ४४ हजार. नवरा सुरक्षारक्षक, पगार सोळा हजार, त्यातलं घरभाडं सहा. आम्ही कागदावर गरीब नाही. दरवर्षी कार्यालयात जाते, दरवर्षी तेच उत्तर. 'सव्वाशेर' यांचे पाच हजार जेवणाला, आणि सरकारच्या हिशेबात तेवढ्यात अख्खं घर चालतं. हे आकडे लिहिणाऱ्यांनी एक महिना आमचं वाणसामान भरून दाखवावं.

सव्वाशेर
वंदनाताई, ती मर्यादा मला माहीत नव्हती. चुकीचीच आहे.

काल रात्री बायकोसोबत मी वही घेऊन बसलो. आमचे चौघांचे पाच हजार नाहीत, सहा हजार सातशे आहेत. तांदूळ गावाहून येतात, ते मी धरले नव्हते. कुळीथही. त्यामुळे आकडा चुकला, मान्य. पण बाहेरचं खाणं महाग आणि वाईट, घरचं स्वस्त आणि चांगलं, यावर मी ठाम आहे.

अनघा_चिंचवड
त्यावर वाद कधी नव्हताच. घरी रांधू नका असं मी कुठे म्हटलं? ओट्याशी उभं राहणारीला आळशी म्हणू नका एवढंच म्हटलं. वही घेऊन बसलात तशी आता मेथीची जुडी घेऊन बसा एक दिवस.

सव्वाशेर
बसेन. 'कंटाळा' हा शब्द मागे घेतो. आईबद्दल जे लिहिलं ते नाही घेत.

शुभदा_प
ते कुणी मागितलंही नाही.

ऋतुराज_कोथरूड
शाळू, ज्वारीच्या भावाचं मला ठाऊक नव्हतं. घरी आई आणते, मी विचारलं नव्हतं. पण आरोग्याच्या दृष्टीनं माझा मुद्दा बरोबर आहे.

वंदना_कामोठे
शाळूदादा, तुमच्या हातात पस्तीस पडतात म्हणता. आमच्या इमारतीत आठ बायका आहेत, सगळ्या मिळून दोन क्विंटल घेऊ. पंचेचाळीसनं द्याल का? मुंबईकडे येणाऱ्या एखाद्या टेम्पोत टाकता येईल का?

शाळू_मंगळवेढा
पंचेचाळीस चालेल, भाडं निम्मं-निम्मं. पण आत्ता जुनी संपत आलीय, नवी मार्चमध्ये निघेल. उन्हात वाळवून देतो, पोत्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवा, कीड लागणार नाही. आणि एकदम दळून आणू नका. जुन्या पिठाची भाकरी थापताना तुटते.

अनघा_चिंचवड
आमच्याकडूनही एक पोतं धरा.