संग्रहालयातली तरुणांची संध्याकाळ: आराखड्यावर सूचना हव्यात

नमस्कार मंडळी,
२० ते ३५ वयोगटासाठी संग्रहालयाच्या लघुचित्र दालनात मंडळातर्फे एक संध्याकाळ करायची आहे. साडेसहाला दारं उघडायची, सातला ४५ मिनिटांचं व्याख्यान, मग दालनातच डीजे आणि खाणं. खटकेल ते मोकळेपणानं लिहा.
– कार्यक्रम समिती

---

ताई, आधी व्याख्यान काढा. कामावरून सुटलेली मुलं सव्वासातपर्यंत येतच राहतात, आणि भरल्या व्याख्यानात उशिरा शिरायला लाजून लॉबीतच रेंगाळतात. त्याऐवजी एका चित्रासमोर १० मिनिटं, आणि तेच दर अर्ध्या तासानं पुन्हा. लघुचित्र वहीच्या पानाएवढं, तेव्हा गटात आठच जण घ्या. नवव्याला नुसत्या पाठी दिसतात.

चित्र 'महत्त्वाचं' म्हणून निवडू नका, जवळ गेल्याशिवाय उलगडणार नाही असं निवडा. बसोहली या पहाडी लघुचित्रशैलीत दागिन्यातल्या पाचूच्या जागी भुंगेऱ्याच्या पंखकवचाचे तुकडे चिकटवलेले सापडतात. असं एखादं चित्र संग्रहात असेल तर सुरुवातीला काही सांगूच नका. दोन मिनिटं बघू द्या, हळूहळू बाजूला सरकायला सांगा. नजरेचा कोन बदलला की तो हिरवा ठिपका लकाकतो आणि कुणीतरी विचारतंच, "हे काय आहे?" बोलणं तिथून सुरू करा.

डीजे आणि खाणं दालनाबाहेर. बासच्या हादऱ्यांनी काचेच्या फळीवरच्या वस्तू कणाकणानं कडेकडे सरकतात, आणि त्या रात्री कुणाच्या लक्षातही येत नाही. बाहेरही स्पीकर फरशीवर ठेवू नका, खाली रबर घाला. शेजारच्या भिंतीपलीकडे शोकेस नाही ना, तेही बघा. धुराचं यंत्र नकोच. स्मोक डिटेक्टर वाजला की अख्खी इमारत रिकामी करावी लागते. खाण्याच्या कणांवर किडे येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सजावटीच्या ताज्या फुलांतूनही येतात.

---

काका, पटलं. पण दालनात उजेड फार कमी आहे. चित्रं काढायची कार्यशाळाही ठेवतोय, दिवे वाढवून मागू का?
– समिती

---

मागून मिळणार नाहीत. कागदावरच्या रंगांसाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात. उजेडानं झालेलं नुकसान साठत जातं, भरून येत नाही. डोळे सरावायला थोडा वेळ लागतो, म्हणून झगझगीत लॉबीतून गट थेट आत नेऊ नका, मधल्या मार्गिकेत दोन-तीन मिनिटं थांबवून नियम तिथंच सांगा. मोबाइलचा टॉर्च बंद, फ्लॅश बंद. दालनात फक्त पेन्सिल, टोकही बाहेरच काढायचं; जलरंग आणि शाई वेगळ्या खोलीत. प्रत्येकाला कागदाखाली धरायला जाड पुठ्ठा द्या, नाहीतर कागद सरळ शोकेसच्या काचेवर टेकतात.

---

काकांच्या मुद्द्यांत थोडी भर. ही संध्याकाळ एकदाच करून हात झटकणार असाल तर एवढी मेहनत कशाला? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमची 'फर्स्ट सॅटर्डेज' ही संध्याकाळ १९९८पासून चालू आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयाची 'आफ्टर डार्क' गुरुवारी असते आणि १८ वर्षांवरच्यांसाठीच. वार ठरलेला असला की "या महिन्यात आहे का?" हा प्रश्नच उरत नाही. तीन तारखा आत्ताच पक्क्या करा, आणि विषय ठरवतानाच पाच-सहा तरुणांना बसवा. पोस्टर चिकटवायच्या वेळी बोलावलंत तर ते पोस्टरच चिकटवतील.

मोजणी मुख्य दारावर नको, दालनाच्या उंबऱ्यावर करा. लॉबीतल्या गर्दीनं फसायला होतं. निघताना प्रत्येकाला सहा आठवड्यांत दिवसा वापरायचा पास द्या, त्यावर त्या तारखेचा शिक्का हवा. परत किती आले, ते तिकीट खिडकीवर जमा झालेल्या पासांवरून कळेल. पास मान्य करण्याबद्दल खिडकीवाल्यांशी आधी बोलून ठेवा.