कोर्टाने हो म्हटलं, मग राज्याचा कायदा तसाच कसा?

जळगावकर: भो, अमेरिकेत 2015 ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्न मान्य केलं ना, मग टेक्सासच्या घटनेत अजून लग्न म्हणजे एक पुरुष एक बाई असंच कसं?

भुसावळवाला: दादा, कोर्ट कलम खोडत नाही, फक्त लागू करता येत नाही. काढायचं तर राज्यानेच. पण निकाल फिरला की ते कलम परत उठून बसेल, गर्भपाताचा जुना निकाल कोर्टाने 2022 ला फिरवला तेव्हा तेच झालं. त्याच वर्षीच्या अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्याने दुसऱ्या राज्यात झालेलं लग्न मानावंच लागतं, स्वतःकडे लावून द्यायची सक्ती मात्र त्या कायद्यात नाही.

धुळेकर: आपल्याकडे 2023 ला कोर्टाने संसदेवर ढकललं. लग्न समवर्ती यादीत आहे, राज्यपण कायदा करू शकतं, पण केंद्राच्या कायद्याशी टक्कर झाली तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते. मुंबईवाले हात लावतील? मला तर नाही वाटत भो.