मदत हवी आहे: दुसऱ्या भागाचा शेवट कोणीतरी समजावा, डोक्याचं भजं झालंय

निशाचर_७७
लोकहो मदत करा. काल रात्री दुसरा भाग बघून संपवला आणि तेव्हापासून झोप नाही. ती मुलगी मरते, मग ती जिवंत आणि तिची मैत्रीण मेलेली, मग परत दोघी ठणठणीत, आणि शेवटी तो वेडा माणूस आपणहून मरायला जाऊन बसतो. का? त्याला कोणी सांगितलं होतं? हॉरर म्हणून लावला होता, एक मिनिट भीती वाटली असेल तर शपथ. वर धाकटा भाऊ शेजारी बसून बघत होता तो म्हणतो मला सगळं कळलं, आणि सांगत नाही, नुसता गालात हसतो. आज रात्रीच्या आत उत्तर हवंय. फक्त शेवट सांगा, पिक्चर चांगला की वाईट ही चर्चा नको, वाईटच आहे.

तर्कट
कशाचा दुसरा भाग?

पॉपकॉर्नताई
मुलगी मरते, जिवंत होते, परत मरते म्हणजे हॅपी डेथ डे टू यू. सोप्पं आहे. पहिल्या भागात ती रोज मरून त्याच सकाळी का उठते ते सांगितलंच नव्हतं, दुसऱ्यात कळतं की कॉलेजातल्या पोरांनी बनवलेल्या यंत्रामुळे ते सगळं झालं होतं. शेवटी तिला ठरवायचं असतं कुठल्या जगात राहायचं. आणि वाईट का म्हणे? मला तर पहिल्यापेक्षा आवडला, आईचा प्रसंग बघून रडले मी.

तर्कट
पहिल्या भागाला सुमारे ४८ लाख डॉलर खर्च आला आणि साडेबारा कोटींच्या आसपास कमाई झाली. दुसऱ्याला खर्च जवळजवळ दुप्पट, कमाई साधारण निम्मी. लोकांना खुनी हवा होता, तुम्ही त्यांना विज्ञानाचा तास दिलात.

पॉपकॉर्नताई
मी दिला का? आणि कमाईवरून पिक्चर चांगला-वाईट ठरत असता तर बोलायलाच नको.

निशाचर_७७
अहो तो नाही!! त्यात बाळाचा मुखवटा असतो. माझ्यात वेगळा मुखवटा आहे.

जुनं_खोड
धागाकर्त्याने नाव लिहायचे कष्ट घेतलेले नाहीत, तरी अंदाज करतो. बटरफ्लाय इफेक्ट २, २००६ चा. पहिल्यात नायक जुन्या डायऱ्या वाचून मागे जायचा, दुसऱ्यात दुसराच एक नायक, तो फोटोकडे टक लावून मागे जातो. प्रत्येक वेळी एक गोष्ट दुरुस्त करायला गेला की दोन बिघडतात. थेट डीव्हीडीवर आलेला. दिग्दर्शक मुळात कॅमेरामन, पुढे २०१४ मध्ये त्या बाहुलीवाल्या ॲनाबेलचं दिग्दर्शन त्याने केलं. शेवट समजायला काहीही अवघड नाही.

निशाचर_७७
काका, माझ्यात दोन मुली आहेत. फोटोबिटो काही नाही.

जुनं_खोड
मग तो नसेल. पण तरी बघून घे.

सबटायटलवाला
बऱ्याचदा शेवट न कळण्याचं कारण सबटायटल मागेपुढे होणं हे असतं. पिक्चर बघायला व्हीएलसी प्लेअर वापरत असशील तर कीबोर्डवर जी आणि एच दाबून सबटायटल मागेपुढे सरकवता येतात, एकदा दाबलं की सेकंदाचा विसावा भाग. माझे कित्येक पिक्चर यामुळे वाचलेत.

निशाचर_७७
सबटायटल व्यवस्थित होती. सशाचा मुखवटा हो, सशाचा! आणि आकाशातून दगड पडतो म्हणतात. एवढं सांगून पण कळत नसेल तर काय बोलू.

वैशाखवणवा
ससा हा शब्द आत्ता पहिल्यांदा आला या धाग्यात. आधीच सांगितलं असतंस तर पहिल्या प्रतिसादात काम झालं असतं. एस. डार्को, २००९. डॉनी डार्कोचा दुसरा भाग. बरोबर?

निशाचर_७७
हो हो तोच. नाव काय, कव्हरवर असतंच की. आता शेवट सांगा.

रातकिडा
अरे देवा. तो पिक्चर शेवटपर्यंत बघणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला, दंडवत घ्या. त्यापेक्षा टाइमक्राइम्स बघ, २००७ चा स्पॅनिश. एक माणूस घराच्या अंगणात खुर्ची टाकून दुर्बिणीतून बघत बसलाय, मग झाडीत चेहऱ्याला बँडेज गुंडाळलेला एक माणूस, आणि पुढे जे काही होतं... चार-पाच पात्रं आणि थोडं जंगल, एवढ्यात घाम फोडतो. टाइम ट्रॅव्हल आणि भीती एकत्र कशी करायची ते त्याच्याकडून शिकावं.

तर्कट
वैशाखी, एक सांगायचं राहिलं. मूळ दिग्दर्शकाचा या दुसऱ्या भागाशी काडीचाही संबंध नव्हता. पैसे कमी, दिग्दर्शक दुसरा, जुन्या नटांपैकी फक्त डॉनीच्या धाकट्या बहिणीचं काम करणारी. अशा पिक्चरमध्ये अर्थ शोधणं म्हणजे रिकाम्या डब्यात लाडू शोधणं.

रातकिडा
पैसे कमी हे कारण देऊ नका राव. पहिला भाग तरी कुठे मोठ्या पैशांचा होता, ४५ लाख डॉलर आणि २८ दिवसांचं शूटिंग. प्रायमर तर ७ हजार डॉलरमध्ये केला एका माणसाने, लेखन, दिग्दर्शन, अभिनय, संकलन, संगीत सगळं स्वतः, आणि २००४ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठं बक्षीस घेऊन गेला. त्यातलं यंत्र म्हणजे साधी पेटी, सहा तास मागे जायचं तर सहा तास त्या पेटीत पडून राहायचं. या एका नियमाला एक पै लागत नाही, विचार लागतो.

तर्कट
प्रायमर हॉरर नाही. आणि प्रायमर तुला कळला असं म्हणणं असेल तर वेगळा धागा काढ, मी येतो.

रातकिडा
तिसऱ्यांदा बघून कळला.

वैशाखवणवा
वाद नंतर. निशाचर, एकच प्रश्न, पहिला भाग बघितलायस ना?

निशाचर_७७
नाही. त्याचा काय संबंध? दुसरा भाग स्वतःच्या पायावर उभा राहायला नको का?

जुनं_खोड
घ्या! नमनाला घडाभर तेल गेलं आणि आता कळतंय की पहिला बघितलेलाच नाही.

पॉपकॉर्नताई
मला पटतं त्याचं. मी कितीतरी दुसरे भाग पहिला न बघता बघते. पिक्चर म्हणजे काय परीक्षा आहे का, आधीचं सत्र पास झाल्याशिवाय बसू देणार नाही म्हणायला.

तर्कट
बाकीच्यांचं माहीत नाही, पण याचं तसं नाही ना. यात सगळा नियमच पहिल्यातून उसना घेतलाय.

वैशाखवणवा
ऐक, लांबलचक होईल पण एकदाच सांगते, रसभंगाची तक्रार नंतर करू नका. पहिला भाग २००१ चा, गोष्ट ऑक्टोबर १९८८ ची. सशाच्या वेशातला फ्रँक डॉनीला मध्यरात्री घराबाहेर बोलावतो आणि सांगतो की जग २८ दिवस, ६ तास, ४२ मिनिटं आणि १२ सेकंदांनी संपणार. डॉनी बाहेर असताना त्याच्या खोलीवर विमानाचं इंजिन कोसळतं. म्हणजे तो मरायला हवा होता तो वाचला, आणि इथून एक फाटा फुटलं जग सुरू होतं जे जास्त दिवस टिकणार नाही. मजा म्हणजे ते इंजिन कुठल्या विमानाचं हे कोणालाच कळत नाही, कारण ते विमान अजून उडालेलंच नसतं. महिनाअखेरीला डॉनीची आई आणि धाकटी बहीण सॅमंथा ज्या विमानाने परत येत असतात त्याचंच इंजिन निखळतं आणि काळातून मागे, महिन्याच्या सुरुवातीला येऊन पडतं. या वेळी डॉनी अंथरुणातच राहतो, मरतो आणि बाकी सगळे वाचतात. नियम कळला? जो वाचायला नको होता तो वाचला की जग मोडायला लागतं, आणि त्याने परत जाऊन आपलं मरण घेतलं की जग सरळ.

आता तुझा पिक्चर. सात वर्षांनंतर, १९९५. तीच सॅमंथा मोठी झालीय, मैत्रीण कोरीबरोबर गाडीने कॅलिफोर्नियाला निघालीय, युटामधल्या एका छोट्या गावात गाडी बंद पडते. गावात युद्धावरून परतलेला, डोकं फिरलेला एक माणूस पवनचक्कीवर बसलेला असतो. त्याला भविष्यातली सॅमंथा दिसते, खाली ये म्हणते, तो खाली येतो आणि त्या पवनचक्कीवर उल्का कोसळते. बघ, इंजिनच्या जागी उल्का आणि डॉनीच्या जागी तो माणूस. बाकी तू म्हणतोस ते मरणं-जगणं हा मधला गोंधळ आहे, सॅमंथा मेल्यावर मैत्रीण मागे जाऊन तिच्याऐवजी स्वतः मरते वगैरे. शेवटी तो माणूस भूतकाळात जातो, पवनचक्कीवरच बसून राहतो, उल्का अंगावर घेतो, सगळं पुसलं जातं, म्हणून दोघी जिवंत. ससा त्याने स्वतः बनवलेला मुखवटा.

निशाचर_७७
पवनचक्की? कुठली पवनचक्की?

तर्कट
म्हणजे?

निशाचर_७७
मी बघितलं त्यात पवनचक्की शेवटी अचानक दिसली, मला वाटलं नुसता देखावा आहे.

वैशाखवणवा
उल्का पडते तो प्रसंग सुरुवातीलाच आहे रे. तू पहिल्यापासून बघितलास ना?

निशाचर_७७
सुरुवातीची वीसेक मिनिटं फोनवर होतो, महत्त्वाचा फोन होता. पण अशा पिक्चरांत सुरुवातीला काय असतं, पोरी गाडीतून जातात, गाणी लागतात, तेवढंच ना.

जुनं_खोड
हात टेकले.

पॉपकॉर्नताई
😂😂 भावाने तरी सांगायचं ना.

रातकिडा
या माणसाने जे बघितलं त्यात एक माणूस विनाकारण पवनचक्कीवर जाऊन बसतो आणि मरतो. मला तर ही आवृत्ती जास्त भीतीदायक वाटतेय.

तर्कट
तरी मी म्हणतो वीस मिनिटं बघून सुद्धा हा शेवट पोटात उतरत नाही. डॉनीबरोबर आपण अख्खा महिना काढलेला असतो, त्याची आई, मास्तर, ती मुलगी, सगळी ओळखीची झालेली असतात, म्हणून तो अंथरुणात पडून हसतो तेव्हा घशात आवंढा येतो. या माणसाचं काय? तो कोण, त्याला सॅमंथाचं काय पडलंय, कुठे धड येतच नाही. पहिल्या भागात काळप्रवासावर पुस्तक लिहिणारी जी म्हातारी आहे तिचा नातू आहे एवढं एक सांगतात.

वैशाखवणवा
मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला माहितेय का. सॅमंथा त्या विमानात होती! पुसल्या गेलेल्या त्या जगात तिच्याच विमानाचं इंजिन भावावर पडलं, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. दुसरा भाग काढायचाच होता तर गोष्ट इथे होती. मुलगी, भावाचं मरण, आणि एक अशी गोष्ट जी घडली पण आणि नाही पण. याऐवजी काय दिलं तर पुन्हा एकदा आकाशातून काहीतरी पाडलं, इंजिनऐवजी दगड. सशाचा मुखवटा तर असा वाटतो की शाळेच्या स्नेहसंमेलनातून उचलून आणलाय.

पॉपकॉर्नताई
अवांतर: ती सॅमंथा झालेली अभिनेत्री म्हणजे द रिंग या हॉरर पिक्चरमधली, विहिरीतून निघून टीव्हीतून बाहेर येणारी मुलगी. २००२ मध्येच लिलो अँड स्टिच या कार्टून पिक्चरमधल्या लिलोचा आवाजही तिचाच. म्हणजे एकाच वर्षी पोरांना हसवलं पण आणि लोकांना टीव्ही झाकून ठेवायला लावलं पण. मी रिंग बघितल्यावर दोन आठवडे टीव्हीवर चादर टाकून झोपत होते, नवरा अजून चिडवतो.

जुनं_खोड
रिंगचा जपानी मूळ पिक्चर १९९८ चा, तो बघा. चादर पुरणार नाही.

तर्कट
झालं, आता हा धागा रिंगवर गेला.

रातकिडा
पवनचक्कीवर तरी कुठे होता.

निशाचर_७७
बरं ऐका, सुरुवातीची वीस मिनिटं आत्ता बघितली. वैशाखीताई, बरोबर आहे तुमचं, तो खाली उतरतो आणि दगड पडतो. आता शेवट कळला. पण मग एक अडकलंय, सगळं पुसलं गेलं तर भविष्यातली सॅमंथा त्याला सांगायला आली कुठून? ती तर आता मरतच नाही ना?

वैशाखवणवा
पहिल्या भागात फ्रँकचंही तेच आहे. फाटा फुटलेल्या जगात जो मरतो तो मागे येऊन दिसू शकतो, असं त्या म्हातारीच्या पुस्तकात आहे. २००४ ला दिग्दर्शकाने आपली लांब आवृत्ती काढली तिच्यात पुस्तकाची पानंच पडद्यावर दाखवली. तू साधी आवृत्ती बघ आधी, लांब आवृत्तीत सगळं समजावून सांगतात आणि निम्मी मजा जाते.

तर्कट
उलट लांब आवृत्तीच बघ, याला समजावून सांगणाराच पिक्चर लागतो.

रातकिडा
मी पुन्हा सांगतो, टाइमक्राइम्स. फोन बंद ठेवून.

निशाचर_७७
आधी पहिला भाग बघतो. आणि हो, भावाला आत्ता विचारलं की मग त्या पवनचक्कीचं तुला काय वाटलं. म्हणाला, कुठली पवनचक्की?

सबटायटलवाला
जी आणि एच दाबून बघितलंस का?