भांडण रजेचं नव्हतंच
वरती विचारलंय की टीममधल्या दोघांचं अजिबात पटत नाही, सरळ एचआरकडे जाऊ का. मला वाटतं लगेच नको. मी गोव्यात वेर्ण्याला एका कारखान्यात शिफ्ट सांभाळायचो, दर वर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी रजेवरून वाद ठरलेला, कारण सगळ्यांनाच गावच्या घरी जायचं, माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची आरास) बांधायची आणि इथे लाईन तर बंद ठेवता येत नाही. एकदा दोघंजण महिनाभर बोलेनात, शिफ्ट बदलताना मशीनचं काय बिघडलंय तेसुद्धा सांगेनात! दोघांना वेगवेगळं बसवून नीट ऐकलं तेव्हा कळलं की राग एकमेकांवर नव्हताच, रजेची यादी कोण आणि कशी ठरवतो हे कुणालाच माहीत नव्हतं. मग यादी जुलैतच बोर्डावर लावायला लागलो, गेल्या चवथीला कामावर होता त्याला यंदा आधी रजा.

थॉमस आणि किलमन या दोन अभ्यासकांनी 1974 मध्ये वादात वागायच्या 5 पद्धती मांडल्या, अडून बसणं, टाळणं, नमतं घेणं, तडजोड आणि मिळून तोडगा काढणं. डोकं तापलेलं असताना एक दिवस टाळणं चांगलंच, पण आमच्याकडे महिना गेला ती चूक माझी.

शिवीगाळ किंवा छळ असेल तर मात्र थांबू नका, लेखी द्या. 20 किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती कायद्याने लागतेच, त्यात मालक आणि कामगार दोन्हीकडचे सारखे सदस्य असतात. तुमच्याकडे ती आहे का ते आधी बघा, आणि कामाची वाटणी कोण करतं तेही लिहा ना इथे.