दिवाळीत दोन दिवस गळ टाकायला: मांजरा, माजलगाव, येलदरी का जायकवाडी?

तंगूस_लातूर
राम राम मंडळी. आम्ही तिघं लातूरचे. भाऊबीज झाली की दोन दिवस मोकळे हाव, गाडी हाय, रॉड दोन हायत आणि तिसरा गडी नुसता भाकरी खायला येऊलालाय. प्लॅन असा की पहिल्या दिवशी पहाटं धनेगावला मांजरा, दुपारी माजलगाव, मुक्काम पैठणला, दुसऱ्या दिवशी जायकवाडी आणि येताना जमलं तर जिंतूरकडून येलदरी. आजवर गावतळ्यातली चिलापी सोडून आमी काय धरलं नाही. एकदा मरळ लागली होती ती तंगूस (गळाची दोरी) तोडून गेली, तवापासून डोक्यात तीच हाय. तर कुठं काय लागतं, चारा काय न्यावा, लायसन बियसन लागतं का, आणि धरणावर कुणी हटकतं का? आधी गेलेल्यांनीच सांगा, यूट्यूब बघून झालंय.

नाथसागर_काठ
भाऊ हा मासे धरायचा प्लॅन नाही, डिझेल जाळायचा प्लॅन आहे 😄 दोन दिवसांत चार धरणं म्हणजे गळ पाण्यात कमी आणि तुम्ही गाडीत जास्त. मासा जागेवर यायलाच अर्धा दिवस जातो, आधी चारा टाकून जागा बसवावी लागते मग तो फिरकतो, आणि तो फिरकायला लागला की तुमची निघायची वेळ.

जायकवाडी तर यादीतून काढाच. पाणी एवढं मोठं दिसतं म्हणून सगळ्यांना वाटतं तिथं मासाच मासा, पण नाथसागर, म्हणजे जायकवाडीचं हेच पाणी, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याला न विचारता हौसेनं गळ घेऊन जायची ती जागा नाही. थंडीत दुर्बीण घेऊन या, रोहित (फ्लेमिंगो) येतात, बदकं येतात, आणि संध्याकाळी पैठणला नाथांचं दर्शन घेऊन घरी. मी इथलाच आहे, मीसुद्धा गळ टाकायला दुसरीकडं जातो.

बोटुकली
आमचं घर भोयाचं, आजा जाळ्यावर होता, मी आता नोकरीला आहे पण गळ सुटला नाही. लायसनचं सांगतो कारण ते कुणी नीट सांगत नाही.

तलावातला मासा फुकटचा नसतो बरं का. रोहू, कटला, मृगळ हे साठलेल्या पाण्यात वाढतात पण अंडी घालायला त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, म्हणून ज्या मच्छीमार संस्थेकडं तलावाचा ठेका असतो ती पैसे भरून बीज आणते, बोटुकली म्हणजे बोटभर पिल्लं सोडते आणि मग वर्षभर राखण करते. आता तुम्ही शहरातून येऊन पाच किलोचा कटला काढून फोटो टाकला तर तिथल्या माणसाला काय वाटंल? त्याच्या लेखी ती चोरीच. म्हणून आधी संस्थेच्या माणसाला गाठायचं. कुठं पावती फाडतात, कुठं नुसतं 'टाका दादा' म्हणतात, कुठं सरळ नाही म्हणतात, नाही म्हणाले तर वाद न घालता निघायचं. शिवाय जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय ऑफिसला एक फोन करा, त्या तलावाचा ठेका कुणाकडं हे तिथं कळतं. पावसाळ्यात मासा अंड्यावर असतो तेव्हा तर गळ घरीच ठेवायचा, दिवाळीला ती अडचण नाही.

मांजराचं म्हणाल तर २०१६ ला हे धरण आटलं होतं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लातूरकरांना सांगायला नको. धरण आटलं की मासा पण संपतो, पुन्हा बीजापासून सुरुवात. म्हणून निघायच्या आधी पाणी किती आहे ते बघा, मासा नंतर.

पूर्णाकाठ_परभणी
येलदरीला यायचं असंल तर येलदरीच करा, आणि दोन्ही दिवस. खाली सिद्धेश्वर पण आहे त्याच पूर्णेवर. एकच गोष्ट ध्यानात ठेवा, येलदरीला वीजघर आहे, त्याच्या खाली नदीपात्रात उतरून गळ टाकू नका. पाणी सोडलं की आवाज यायच्या आधी पायाला लागतं.

आणि गाळ. बॅकवॉटरला पाणी उतरलं की वरून वाळलेलं दिसतं, भेगा बिगा पडलेल्या, पाय टाकला की मांडीपर्यंत आत. माझ्या साडूची गाडी एकदा माजलगावच्या बॅकवॉटरला अशीच बसली, दोन ट्रॅक्टर लागले काढायला आणि मासा एकही नाही, वर घरच्यांनी महिनाभर ऐकवलं. गाडी रोडवर लावा, चालत जा.

तंगूस_लातूर
बरं झालं इचारलं. मग जायकवाडी कॅन्सल, माजलगाव कॅन्सल, साडूचा किस्सा वाचून तर पक्कंच 🙏 पाणी असंल तर दोन्ही दिवस मांजरा, जवळ पण पडतंय. बोटुकली दादा, तेवढं मरळीचं सांगा की. आणि चाऱ्याला काय, कणकेचा गोळा चालंल का?

बोटुकली
मरळ आणि रोहू एका रॉडवर जमत नाही, आधी ठरवा. मरळ शिकारी मासा, उथळात, बेशरमाच्या झुडपांच्या कडंला, गवतात दबा धरून असती. श्वास घ्यायला ती वर येती, पाण्यावर बुडबुडा फुटला की समजायचं. तिथं रबरी बेडूक टाकायचा, थेट डोक्यावर नाही, पुढं टाकून ओढत आणायचा. उचलला की लगेच हिसका देऊ नका, एक दोन तीन मोजा. तुमचा तंगूस तुटला तो घाईनंच तुटला असणार. आणि पावसाळ्यात कधी तांबड्या पिल्लांचा घोळका दिसला तर खाली आईबाप राखणीला असतात, तिथं गळ टाकायचा नाही. आमचा आजा त्यावरून लोकांना दगड मारायचा.

कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, तरंगा त्या हिशोबानं लावा. कणीक चालती पण नुसती कणीक लगेच सुटून जाती, त्यात पेंड आणि फुटाण्याचं पीठ घाला, चिमूटभर हिंग. वारा ज्या काठाकडं वाहतो त्या काठावर बसा, खाणं तिकडंच जमा होतं. गार पडलं असंल तर पहाटं चारला कुडकुडत बसू नका, ऊन चढून पाणी जरा कोमट झालं की रोहू तोंड उघडतो.

थाई मांगूर लागला तर परत पाण्यात सोडू नका. बंदी आहे त्याच्यावर, बाकीचे मासे खाऊन टाकतो.

भाकरवाला
मी यांचाच तिसरा गडी, भाकरी खायला येणारा. येसर आणि कांदा लसूण मी आणतो, मासा नाही लागला तर येसराची आमटी तरी होईल. घरून भाकरी किती आणू, वीस बस्स का?

नाथसागर_काठ
बाटल्या आणि पत्रावळ्या तिथं टाकून येऊ नका फक्त. मागच्या शिमग्याला एका तलावावर गेलो तर गळाला पहिला 'मासा' म्हणून गुटख्याच्या पुड्यांची माळ लागली.

तंगूस_लातूर
नाही टाकणार काका, पोतं सोबत घेऊ. बोटुकली दादा, पेंड शेंगदाण्याची का करडीची?

बोटुकली
करडीची, जरा भाजून. वास लांबवर जातो. भाकरी तीस आणा, संस्थेचा राखण्या पण जेवायला बसंल.