बंद पडलेला कार्टूनचा खेळ मुलीच्या हाती द्यावा का?

धागालेखक: पर्वतीपायथा

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या वर्गातील बहुतेक मुले मोबाईलवर कोणता ना कोणता ऑनलाइन खेळ खेळतात आणि 'मलाही हवा' हा तिचा हट्ट गेले सहा महिने आमच्या घरी चालू आहे. तिला काय द्यावे याचा शोध घेत असताना मी 'फ्यूजनफॉल' या खेळापाशी येऊन थांबलो. तेथेच घरात मतभेद झाला. पत्नीचे म्हणणे असे की हा खेळ मला मुलीसाठी हवा नसून स्वतःसाठीच हवा आहे. आरोप अगदीच निराधार नाही, म्हणून प्रश्न येथे मांडतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कार्टून नेटवर्कने दक्षिण कोरियातील ग्रिगॉन एंटरटेनमेंट या कंपनीच्या साहाय्याने तयार केलेला हा खेळ 14 जानेवारी 2009 रोजी सुरू झाला. त्या वाहिनीवरील डेक्स्टर, पॉवरपफ गर्ल्स, बेन टेन, सामुराई जॅक ही सारी मंडळी येथे एकाच जगात राहतात आणि ग्रह गिळत सुटलेला फ्यूज नावाचा शत्रू त्या जगावर चालून आलेला असतो. खेळणाऱ्या मुलाने स्वतःचे पात्र घडवायचे आणि या मंडळींनी सोपवलेली कामे पार पाडत पुढे जायचे. फ्यूज प्रत्येक पात्राची एक दुष्ट नक्कल तयार करतो. ती नक्कल हरवली की त्या पात्राचे चिमुकले रूप, ज्याला 'नॅनो' म्हणतात, आपल्या सोबतीला येते. नॅनो कितीही जमवले तरी एका वेळी तीनच बरोबर नेता येतात आणि त्यांचे तीन प्रकार दगड-कागद-कात्रीप्रमाणे एकमेकांवर मात करतात, त्यामुळे कोणाला घरी ठेवायचे याचा विचार मुलाला करावाच लागतो. मार्गदर्शक म्हणून डेक्स्टर, डबल डी, बेन किंवा मोजो जोजो यांपैकी एकाची निवड करायची असते. खलनायकाला गुरू करण्याची मुभा देणारा मुलांचा खेळ मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

हा खेळ प्रारंभी मासिक वर्गणीवर चालत असे, 2010 मध्ये तो मोफत झाला आणि 29 ऑगस्ट 2013 रोजी कंपनीने तो बंद केला. माझ्यापर्यंत तो बंद पडल्यानंतरच पोहोचला. माझे बालपण गेले ते दूरचित्रवाणीसमोर. कार्टून संपून त्याच वाहिनीवर इंग्रजी चित्रपट सुरू झाले की आई संच बंद करीत असे, इतकीच माझी त्या जगाशी ओळख. आज चाहत्यांनी 'ओपनफ्यूजन' या नावाने त्याच्या सर्व्हरची, म्हणजे सर्व खेळाडू ज्या मध्यवर्ती संगणकाला जोडले जातात त्याची, प्रणाली नव्याने लिहून सर्वांसाठी मुक्त केली आहे आणि तिच्या आधारे हा खेळ पुन्हा खेळता येतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. आजचा मुलांचा ऑनलाइन खेळ उघडला की पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी विकत घ्या असे सुचवले जाते. पोशाख, टोपी, वाट पाहण्याचा वेळ, सगळ्यालाच किंमत असते. बंद पडलेला हा खेळ मुलीला काहीही विकणार नाही, कारण विकणारा उरलेलाच नाही. तिचे लक्ष किती वेळ खिळून राहिले यावर कोणाचाही पगार अवलंबून नाही. माझ्या दृष्टीने एवढे कारण पुरेसे आहे. आपले काय मत आहे?

प्रतिसाद: कसब्यातली

आपण मांडलेले कारण मला पटले नाही, आणि ते का पटले नाही हे आपल्याच वाक्यावरून सांगते. विकणारा उरला नाही हे खरे, पण त्याच्याबरोबर राखणदारही गेला. मुलांसाठी खेळ चालवणारी कंपनी पैसे घेत असते तेव्हा त्या पैशातून संभाषणांवर लक्ष ठेवणारी माणसे नेमते, तक्रार आली तर उत्तर देते, आणि अमेरिकेत तेरा वर्षांखालील मुलांच्या माहितीविषयी जो कायदा 2000 पासून लागू आहे त्याच्या धाकाने तरी काही पथ्ये पाळते. चाहत्यांच्या सर्व्हरवर हे सारे स्वयंसेवकांच्या चांगुलपणावर अवलंबून असते. ती मंडळी वाईट आहेत असे मी म्हणत नाही. मात्र 2009 मध्ये दहा वर्षांचा असलेला खेळाडू आज सव्वीस-सत्तावीस वर्षांचा आहे, आणि अशा सर्व्हरवर आपल्या मुलीला भेटणार आहेत ती मुख्यतः ही मोठी माणसे. खेळ मुलांचा आहे, खेळणारे आता मुले नाहीत.

दुसरे असे की संपलेल्या गोष्टीला संपू देण्याची आपल्याला सवयच उरलेली नाही. माझ्या माहेरी, कुंभारवाड्याजवळ, दर दिवाळीत आम्ही किल्ला करीत असू. माती, दगड, पोती जमवायची, अळीव पेरून हिरवळ उगवेपर्यंत रोज पाणी शिंपडायचे, कुंभारवाड्यातून मावळे आणायचे. दिवाळी सरली की किल्ला मोडायचा. रडू येत असे, परंतु पुढच्या वर्षीचा किल्ला निराळा होत असे तो त्यामुळेच. आपल्या मुलीला आपला मोडलेला किल्ला देऊ नका, तिला तिचा करू द्या.

प्रतिसाद: हिंजवडीचा प्रवासी

किल्ल्याची उपमा सुंदर आहे, पण येथे लागू होत नाही. किल्ला मोडणारे हात तो रचणाऱ्यांचेच असतात आणि माती अंगणातच राहते. येथे कंपनीने एके दिवशी सर्व्हर बंद केला आणि साडेचार वर्षांहून अधिक काळ मुलांनी घडवलेली पात्रे, जमवलेले नॅनो, जोडलेले मित्र, सगळे एका सकाळी नाहीसे झाले. ज्यांनी वर्गणी भरली होती त्यांच्याही हाती काही उरले नाही. त्याच वर्षी, अवघ्या तीन आठवड्यांनी, 19 सप्टेंबरला डिस्नेने 2003 पासून चालवलेला टूनटाउन हा मुलांचा खेळही बंद केला. म्हणजे चांगल्या, सौम्य, पालकांना परवडणाऱ्या खेळांची एक पिढीच एका पावसाळ्यात संपली, आणि त्यांच्या जागी जे आले त्याविषयी धागालेखकाने लिहिलेच आहे.

राखणदाराचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि त्याला तांत्रिक उत्तर आहे. ओपनफ्यूजनचा सर्व्हर हा काही मोठा कारखाना नव्हे. तो घरातल्या साध्या संगणकावर चालतो आणि आपण ठरवू त्यांनाच आत येता येते. सार्वजनिक सर्व्हरवर मुलीला नेण्याची गरजच नाही. सोसायटीतील चार मुले, त्यांचे चार संगणक आणि आपल्या घरातील सर्व्हर, एवढ्यावर भागते. अनोळखी माणूस तेथे येणार तरी कोठून?

मूळ खेळात बोलण्याचे दोन मार्ग होते हेही सांगायला हवे. एक मोकळे टंकलेखन आणि दुसरा यादीतून तयार वाक्य निवडण्याचा. टूनटाउनमध्ये तर ठरावीक वाक्यांची यादी हाच बोलण्याचा मुख्य मार्ग होता. मोकळेपणाने बोलायचे झाल्यास आधी एकमेकांना गुप्त संकेत द्यावा लागे, आणि तो खेळाच्या बाहेर, म्हणजे ज्याला आपण खरोखर ओळखतो अशालाच देता येईल, अशी अपेक्षा असे. मुलांच्या सुरक्षिततेचा विचार रचनेतच करायचा म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आज आपण सगळे काही लिहू देतो आणि नंतर गाळणी लावत बसतो.

प्रतिसाद: शिवाजीनगर कोर्टाजवळून

चर्चा भावनेकडे झुकते आहे, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. सर्व्हरची प्रणाली चाहत्यांनी स्वतः लिहिली असेल तर तिचा प्रश्न वेगळा आहे. खेळातील चित्रे, पात्रे, आवाज आणि संगीत मात्र त्यांचे नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये याच खेळाचे 'रेट्रो' आणि 'लेगसी' हे चाहत्यांचे दोन प्रकल्प कार्टून नेटवर्कच्या कायदेशीर कारवाईमुळे बंद पडले होते. टूनटाउनची चाहत्यांनी उभारलेली, पैसे न घेणारी आवृत्ती आजही चालू आहे, ही गोष्ट खरी असली तरी ती सहन केली जात आहे, तिला हक्क मिळालेला नाही. आपल्याकडील 1957 च्या कायद्यानुसार चलच्चित्रकृतीचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे राहतो. डेक्स्टरची मालिका 1996 मध्ये सुरू झाली; त्या वर्षीच्या भागांचा हक्क म्हणजे 2056 संपेपर्यंत. धागालेखकाची कन्या तोवर चाळिशीला आलेली असेल.

घरात बसून खेळणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीवर कोणी दावा ठोकणार नाही, हे मलाही कळते. पण 'कंपनीने सोडून दिले म्हणजे आपले झाले' ही समजूत आपण मुलांना देणार असू, तर पेठेतील बंद वाड्याचे कुलूप तोडून आत राहायला जाण्यात चूक ती काय, हेही त्यांना समजावून सांगावे लागेल.

प्रतिसाद: हिंजवडीचा प्रवासी

वाडा एकच असतो. त्यात मी राहिलो तर मालकाला राहता येत नाही. खेळाची प्रत घेतल्याने कार्टून नेटवर्कचे काय कमी होते? तो खेळ ते विकतही नाहीत आणि दाखवतही नाहीत. पैसे मोजायची तयारी असलेल्यालाही तो विकत मिळत नाही.

प्रतिसाद: शिवाजीनगर कोर्टाजवळून

न विकण्याचा हक्क हाही मालकीचाच भाग आहे. तो आपल्याला आवडत नसेल तर कायदा बदलण्याची मागणी करावी. युरोपात बंद पडणाऱ्या खेळांबाबत अशी मागणी करणाऱ्या नागरिकांच्या अर्जावर 2025 मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या आहेत. तो मार्ग मला मान्य आहे.

प्रतिसाद: चौथी 'ब'ची बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते. येथे अद्याप कोणी न विचारलेला प्रश्न विचारते: मुलीला हा खेळ कळणार आहे का? ज्या पात्रांवर त्याची सारी गंमत उभी आहे ती माझ्या वर्गातील मुलांना ठाऊक नाहीत. त्यांना छोटा भीम ठाऊक आहे. डेक्स्टरची प्रयोगशाळा न पाहिलेल्या मुलाला डेक्स्टरने काम सोपवले तर त्याच्या लेखी तो चष्मा लावलेला एक अनोळखी मुलगा असतो. मोजो जोजोला गुरू करण्यातील खट्याळपणा कळण्यासाठी तो खलनायक आहे हे आधी माहीत असावे लागते. शिवाय कामांच्या सूचना सगळ्या इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातील नऊ वर्षांची मुलगी त्या वाचील, पण अडखळत, आणि अडखळत वाचावे लागले की वडील शेजारी बसून सांगत राहणार. मग खेळतो आहे कोण?

एक गोष्ट धागालेखकाच्या बाजूनेही लिहिते. शेजारी बसणारे वडील ही आजच्या घरांत दुर्मीळ वस्तू आहे. मुलाच्या हाती मोबाईल देऊन मोठ्यांनी दुसरा मोबाईल घेणे हीच रीत मी पालकसभेत ऐकते. खेळ जुना असो वा नवा, वडील शेजारी असतील तर माझा निम्मा विरोध मावळतो.

प्रतिसाद: कसब्यातली

शेजारी बसण्यासाठी संगणकच कशाला हवा? सारसबाग आहे, पर्वती तर धागालेखकाच्या नावातच आहे.

प्रतिसाद: पर्वतीपायथा (धागालेखक)

पर्वतीच्या पायऱ्या आम्ही दर रविवारी चढतो, त्यामुळे त्या बाबतीत माझी बाजू भक्कम आहे. सोसायटीच्या आवाराविषयी मात्र काय लिहावे? जेथे मी लगोरी खेळलो तेथे आता रंगाने आखलेले वाहनतळ आहे आणि चेंडू गाडीला लागला की वरच्या मजल्यावरून आवाज येतो.

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी माझ्या भूमिकेत दोन बदल करतो आहे. सार्वजनिक सर्व्हरवर मुलीला न्यायचे नाही. कसब्यातली यांनी मांडलेला वयाचा हिशोब माझ्या डोक्यातही आला नव्हता, आणि तो आल्यावर झोप उडाली. घरच्या संगणकावर तीन-चार मुलांपुरता सर्व्हर उभारायचा. दुसरे, बाईंच्या सूचनेप्रमाणे आधी पॉवरपफ गर्ल्सचे काही भाग तिला दाखवले. पहिल्या भागानंतर तिने विचारले की मोजो जोजो एवढे लांबलचक का बोलतो. म्हणजे तिला तो कळला.

वकिलांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी जे करणार आहे ते काटेकोर कायद्यात बसत नाही, हे मान्य करूनच करणार आहे आणि मुलीलाही तसेच सांगणार आहे. आपल्या 2023 च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे, आणि मुलांविषयीची बंधने मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. ज्या दिवशी बाजारातील खेळ तसे वागताना दिसतील त्या दिवशी मी हा संगणक आनंदाने बंद करीन. तोवर कोणता नियमभंग अधिक घातक, याचा निर्णय मला बाप म्हणून घ्यावा लागतो.

प्रतिसाद: शिवाजीनगर कोर्टाजवळून

मुलीला सांगणार आहात, हे वाचून बरे वाटले. मत बदललेले नाही.

प्रतिसाद: कसब्यातली

माझाही विरोध कायम आहे, पण त्याला आता एक अट जोडते. चार रविवार आपण शेजारी बसून खेळा. पाचव्या रविवारी उठून स्वयंपाकघरात जा आणि ती एकटी, आपण न सांगता, संगणक चालू करते का ते पाहा. केला तर मी माझे शब्द मागे घेईन. आणि दिवाळीच्या आधी कुंभारवाड्याकडे येणे झाले तर तिलाही घेऊन या, मावळे तिलाच निवडू द्या.

प्रतिसाद: पर्वतीपायथा (धागालेखक)

अट मान्य. पाचव्या रविवारी येथेच लिहीन.